पायासकट

कपाट हे नाव मीच ठेवलं, तेही पहिल्याच आठवड्यात. मुलं भिंतीच्या दांडीला धरून गुडघे वाकवत होती आणि शेवटच्या खिडकीपाशी हा उभा होता. सहा फुटांच्या वर उंची, दाराएवढे खांदे, आणि अंगातलं एक बिजागरं हलेल तर शपथ. मी म्हटलं, "ते कपाट तिथं कुणी आणून ठेवलंय? सरकवा जरा, आरसा दिसत नाहीये." वर्ग हसला, तोही हसला. दुपारी कँटीनमध्ये त्याला कपाट म्हणून हाका मारत होते. मला माझंच कौतुक वाटलं. टोमणा बसला की मला वाटतं तसं.

मी नाटकाच्या शाळेत नाच शिकवते. सकाळी बॅले, जेवणानंतर जॅझ. या मुलांना कुणी नर्तक करायला निघालेलं नाही. नटाला खुर्चीतून उठता यावं, कुणी ढकललं तर हाड न मोडता पडता यावं, राणीचं काम असेल तर मान राणीसारखी वळावी, यासाठी हा सगळा खटाटोप. सकाळच्या वर्गात त्यांचं अंग सरळ करायचं आणि दुपारच्या वर्गात तेच अंग पुन्हा सैल करायचं. आमचे पियानोवाले काका म्हणतात, "तुमचं काम म्हणजे इस्त्री करायची आणि लगेच चुरगाळायचं." काकांना पियानोपेक्षा बोलायलाच जास्त आवडतं.

याआधी मी वीसेक वर्षं नर्तकांना शिकवलं. नाचाची मुलं आरशात बघतात. नाटकाची मुलं आरशाकडे ढुंकून पाहत नाहीत, ती माझ्याकडे बघतात. हा फरक मला माहीत होता, चार लोकांत मी तो ऐटीत सांगतही असे. त्याचा अर्थ काय होतो हे मात्र कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

त्या वर्षी सगळ्या वर्गाचा डावा खांदा वर जात होता. एकाचा नाही, दोघांचा नाही, अख्ख्या वर्गाचा. गिरकी घेऊन डाव्या पायावर उतरायची वेळ आली की त्याच्या किंचित आधी खांदा कानाकडे चढायचा. मी घसा फोडून ओरडायची, "डावा खांदा खाली. काय ओझं वाहताय का त्याच्यावर?" दोन दिवस खाली राहायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा वर. मी त्यांना आळशी म्हटलं, बैल म्हटलं, गोण्या तर उठसूट म्हटलं. मुलं बिचारी खाली मान घालून पुन्हा गिरकी घ्यायची आणि पुन्हा खांदा वर.

कपाटाचा मात्र खांदाही वर जात नव्हता, कारण त्याचं काहीच कुठे जात नव्हतं. आणि हा मुलगा नट म्हणून असा की अभिनयाच्या वर्गात त्यानं एका म्हाताऱ्या शिंप्याचं काम केलं तेव्हा आमचे प्राचार्य चष्मा पुसत बाहेर आले होते. माझ्या खोलीत आला की लाकूड. हिवाळ्यातल्या परीक्षेत मी त्याला नापास केलं. आमच्या शाळेचा नियम असा की पहिल्या वर्षी नाचात दोनदा नापास झालं की शाळा सोडायची, मग अभिनयात तुम्ही कितीही तोफा डागा. वर्षअखेरची परीक्षा त्याची शेवटची होती. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तरी मी त्याला रोज कपाटच म्हणत होते.

आता माझ्या पायाचं सांगते. डाव्या खुब्याचा सांधा झिजलाय. हे ताईला ठाऊक होतं आणि डॉक्टरला. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, आम्ही दोघी एकत्र राहतो. अख्खा जन्म तिनं हॉस्पिटलात नर्स म्हणून काढला, त्यामुळे तिच्यापासून काही लपवणं अशक्य. संध्याकाळी मी घरी आले की ती गरम पाण्याची पिशवी तयार ठेवते आणि पिशवीबरोबर बोलणीही.

"ऑपरेशन कर म्हटलं तर ऐकायचं नाही. शाळेत तरी सांग."

"शाळेत सांगितलं तर शाळाच राहायची नाही."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ना? अगं पण मूठ लंगडते तुझी."

"कुणाला दिसत नाही," मी म्हणाले.

माझ्या आधी शाळेत ज्या बाई होत्या, त्या शेवटी शेवटी खुर्चीत बसून शिकवायच्या. प्राचार्यांनी त्यांना फुलांचा गुच्छ दिला, छान भाषण केलं आणि घरी पाठवलं. मी रुजू झाले त्या दिवशी पहिलं काम काय केलं असेल, तर ती खुर्ची खोलीतून बाहेर काढायला लावली. सगळं करून दाखवायचं, उभं राहून दाखवायचं. दुखणाऱ्या पायावर उतरताना वजन जरा उशिरा टाकायचं, बस. इतकी वर्षं नाचलेय, एवढी चलाखी मला जमते, असा माझा समज होता.

एका दुपारी चहाच्या सुट्टीत मी स्वेटर विसरले म्हणून परत आले. दार अर्धवट उघडं होतं, आतून पियानो वाजत होता आणि हसण्याचा नुसता धबधबा. मी दाराशीच थांबले.

खोलीच्या मधोमध कपाट होतं. गळ्यात माझ्यासारखा रुमाल बांधलेला, हनुवटी वर, भुवया माझ्या. माझ्याच आवाजात ते म्हणालं, "गोण्यांनो, बघा आणि मरा." हे मी खरंच म्हणते. मग त्यानं काकांकडे बोट केलं, काकांनी जॅझचा तुकडा धरला आणि ते कपाट नाचायला लागलं.

मी खोटं बोलणार नाही, माझा श्वास अडकला. वर्षभर जे मी त्याच्याकडून काढू शकले नव्हते ते सगळं तिथं होतं. कंबर सुटी, मान सुटी, मनगटं लोण्यासारखी. तो एवढा मोठा देह जमिनीला न दुखवता जमिनीवर येत होता. गिरकी अशी, की नजर दर फेरीला पुन्हा खिडकीच्या त्याच कडीवर. मी दारात उभी राहून मनातल्या मनात मोजत होते आणि तो एकदाही चुकला नाही.

मग तो डाव्या पायावर उतरला.

त्याच्या किंचित आधी त्याचा डावा खांदा कानाकडे चढला. कंबर एक बोटभर बाहेर गेली. वजन उशिरा पडलं, आणि पडल्यावर ओठांचा एक कोपरा घट्ट झाला. पुन्हा गिरकी, पुन्हा तेच. वर्ग पोट धरून हसत होता, काका वाजवता वाजवता हसत होते. ती लंगडी मी होते. लंगडणं सगळ्यांना दिसत होतं, कदाचित पहिल्या दिवसापासून. आणि तो खांदा, ज्याच्यासाठी मी अख्ख्या वर्गाला बैल आणि गोणी म्हणत आले, तो खांदा माझा होता. मुलांनी इमानेइतबारे माझ्याकडे बघितलं आणि जे दिसलं ते उचललं.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं ते मला तेव्हा कळलं. दार लोटून निघून गेले असते तरी चाललं असतं. मी आत गेले.

पियानो थांबला. कपाटानं गळ्यातला रुमाल ओढून काढला. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच ऐकलं होतं. तुला तर नाचता येईना म्हणून शिकवणाऱ्याचा पाय वाकडा."

कुणी हसलं नाही. तो लाल झाला होता. म्हणाला, "सॉरी, मॅडम. मी तुमची चेष्टा नव्हतो करत. म्हणजे आधी करत होतो. पण मी तुम्ही झालो की मला येतं. मी म्हणून उभा राहिलो की काहीच हलत नाही."

एखाद्या शहाण्या मास्तरणीनं तिथंच त्याला मिठी मारली असती. विद्यार्थी स्वतःच्या तोंडानं आपली किल्ली सांगत होता. मी म्हणाले, "परीक्षा तुझी आहे, माझी नाही. पुन्हा माझी नक्कल करताना दिसलास तर परीक्षेला यायची तसदी घेऊ नकोस."

"बरं, मॅडम."

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. वर्गातलं हसणं बंद झालं. मी करून दाखवायला लागले की मुलं पायांकडे बघायचंच टाळायची, माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी बघत राहायची. हा त्यांचा भलेपणा मला शिव्यांपेक्षा जास्त लागत होता. खांदा खाली म्हणायची माझी हिंमत होईना. त्यांचं त्यांनीच ठरवलं असावं, कारण हळूहळू खांदे खाली आले. माझ्याकडून शिकायचं आणि त्यातून मला वजा करायचं, हे त्यांनी न बोलता जमवलं. मी वर्गात कानकोंडी होऊन उभी असायची आणि आवाज मात्र आणखी चढवायची.

कपाट रोज वेळेवर यायचं. घाम गाळायचं. स्वतः म्हणून उभं राहायचं, आणि काहीच हलायचं नाही. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

ताईला मी हे एका संध्याकाळी सांगितलं, अर्थात माझ्या बाजूनं रंगवून. उद्धट मुलगा, भर वर्गात नक्कल, वगैरे. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. पण नाचला का तो?"

"नाचला."

"चांगला?"

"हो."

"मग तू ओरडलीस कशाला?"

मी म्हटलं, तुला नाही कळायचं नाचातलं. ती म्हणाली, "नाचातलं नसेल कळत. तू चिडलीस की खुबा धरून बसतेस, तेवढं कळतं." मी खुब्यावरचा हात काढून घेतला.

परीक्षेला बाहेरच्या परीक्षक आल्या. बुटक्या, पिकलेल्या केसांच्या, पायात कापडी बूट, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसेल तर शपथ. त्यांच्या शेजारी प्राचार्य बसले. पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही हे ते याच आठवड्यात ठरवतात, म्हणून मी नवा काळा ब्लाऊज घातला होता आणि सकाळी दोन गोळ्या घेऊन आले होते. मुलं एकेक करून सकाळचा बॅलेचा तुकडा आणि जॅझचा तुकडा करून जात होती. बरी झाली. खांदे खाली.

मग परीक्षकांनी कागदावरून एक नाव पुकारलं. कोण हे, म्हणून मी वर्गाकडे पाहिलं, आणि कपाट उठून पुढे आलं. नऊ महिने रोज समोर असलेल्या मुलाचं नाव मला पटकन ओळखू आलं नव्हतं.

तो नाचला म्हणायचं. सकाळचा तुकडा कसाबसा ओढला. जॅझमध्ये तर काका त्याच्यासाठी हळू वाजवायला लागले, इतकी दया आली त्यांना. संपल्यावर परीक्षकांनी पेन खाली ठेवलं, "धन्यवाद" म्हणाल्या आणि प्राचार्यांनी माझ्याकडे बघून ओठ मुडपले. त्यांनाही तो शिंपी आठवत असणार. तो मात्र कुणाकडे बघत नव्हता. पिशवी उचलावी तसे खांदे उचलून तो दाराकडे वळला.

त्या क्षणी मला जे वाटलं ते साधं होतं. हा मुलगा नापास होत नव्हता. मी माझी लाज झाकायला त्याला नापास करत होते, आणि त्याला ते ठाऊक असून तो गप्प होता.

"एक मिनिट," मी म्हणाले. "शिक्षकाला एकदा पुन्हा करायला सांगता येतं ना?"

"जॅझपुरतं येतं," परीक्षक म्हणाल्या.

मी खोली ओलांडून त्याच्यापर्यंत गेले. ते अंतर मला फार लांब वाटलं. हळूच म्हणाले, "माझी कर."

त्यानं मान हलवली. "नको, मॅडम."

"कर म्हणते ना." मी गळ्यातला रुमाल सोडून त्याच्या हातात दिला. त्याचे डोळे प्राचार्यांकडे गेले आणि परत माझ्याकडे आले. मग त्यानं रुमाल बांधला.

काकांनी सुरुवात केली. हनुवटी वर, भुवया माझ्या. मागे कुणीतरी श्वास आत ओढला. पहिल्या आठ मात्रा झक्क गेल्या, मनगटं लोण्यासारखी, आणि परीक्षकांनी खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं. गिरकी आली. तो डाव्या पायावर उतरला, खांदा खाली ठेवून, वजन अगदी वेळेवर टाकून, कंबर सरळ. आणि पुढच्या पावलाला लाकूड झाला.

तो माझी नक्कल करत होता, पण माझा पाय वगळून. प्राचार्यांसमोर माझी अब्रू जाऊ नये म्हणून त्यानं मला धडधाकट केलं होतं. पण तशी बाई त्यानं कधी पाहिलीच नव्हती. ती त्याला कुठून येणार?

दुसरी गिरकी, तेच. तो तोंडातल्या तोंडात मोजायला लागला. मला समोर सगळं दिसत होतं. गप्प बसले असते तर प्राचार्यांना काही कळलं नसतं. एका विद्यार्थ्यानं दोनदा प्रयत्न केला, दोनदा जमलं नाही, बाईंनी आपल्याकडून संधी दिली. बाईंचं नावच झालं असतं.

"थांबा," मी म्हणाले. पियानो थांबला. आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "पायासकट कर."

तो जागच्या जागी उभा राहिला.

"माझा डावा पाय सोडून माझी नक्कल होत नाही. वजन उशिरा पडतं माझं. खांदा आधी वर जातो. दुखतं म्हणून जातो. तू केली होतीस ना तशीच, पायासकट."

प्राचार्यांनी मान वळवून माझ्या पायाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा पायाकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कान तापले होते आणि नव्या ब्लाऊजच्या आत घामाची धार लागली होती. मी भिंतीची दांडी धरून उभी राहिले, कारण आता न धरण्यात काही अर्थ नव्हता.

काकांनी न सांगता सुरुवातीपासून धरलं. तो नाचला. डाव्या पायावर उतरताना खांदा चढला, कंबर बाहेर गेली, वजन मागाहून पडलं, आणि त्या मागाहून पडण्यातून त्याचं पुढचं पाऊल निघालं, त्यातून त्याच्या पुढचं. वर्षभर मी जे झाकत आले त्याच जागी तो नाच उभा होता. कुणी हसलं नाही. मी बघत राहिले. इतकं नीट मी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

संपल्यावर परीक्षकांनी विचारलं, "तो डावीकडचा उशीर तुझा?"

"नाही," तो म्हणाला. "मॅडमचा."

त्यांनी काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सकाळच्या तुकड्यात तो चालायचा नाही. जॅझमध्ये चालेल. पास." मग पुढचं नाव पुकारलं.

सगळं आटोपल्यावर प्राचार्य उठले. "उद्या सकाळी माझ्या खोलीत या," ते म्हणाले, अगदी मऊ आवाजात. तो मऊपणा मला ओळखीचा होता. आधीच्या बाईंच्या निरोपाला मी पाहुणी म्हणून हजर होते. फुलं कुठली आणतात तेही मला माहीत आहे.

ते गेल्यावर खोलीत मुलं, काका आणि मी उरलो. तो रुमाल परत द्यायला आला. नीट घडी घातली होती.

"मॅडम, फार दुखतं का?"

शाळेतल्या कुणी मला हे कधी विचारलं नव्हतं. विचारायला मी जागाच ठेवली नव्हती. "उतरताना," मी म्हणाले. "एरवी नाही."

"तिथं तुम्ही श्वास धरता. पाऊल पडेपर्यंत सोडत नाही. ते मला फार उशिरा सापडलं. श्वास धरला की बाकीचं सगळं आपोआप येतं."

श्वास धरते हे माझं मलाच माहीत नव्हतं. या पोरानं हिवाळाभर, नापास होऊन, टोमणे खाऊन, माझा श्वास शोधून काढला होता. आणि मला त्याचं नाव आठवलं नव्हतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघवेना. डोळे भरून आले, आणि या वेळी मी ते लपवायला आरशाकडे वळले नाही.

मी त्याला त्याच्या नावानं हाक मारली. जिभेला सवय नव्हती, जरा अडखळलं. तो दचकून बघत राहिला.

"बाहेर बोळात एक खुर्ची आहे," मी म्हणाले. "तेवढी आत आणशील?"

त्यानं आणली, एका हातानं, खोलीच्या मधोमध ठेवली. मी सगळ्यांसमोर बसले. पाय लांब केला. मुलं भिंतीशी उभी होती, पुन्हा माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी बघत.

"इकडे बघा," मी म्हणाले. "खाली, पायाकडे. तो डावा खांदा माझा होता. तुमची काहीच चूक नव्हती, आणि मी वर्षभर तुम्हाला गोण्या म्हणत होते."

मग काकांनी पियानोचं झाकण लावलं आणि म्हणाले, "कपाटसुद्धा म्हणत होतात."

"हो," मी म्हणाले. "तेसुद्धा."